दार्जिलिंगचा चहा दुधात हरवतो तो का?

प्रश्न असा आहे: "मे महिन्यात दार्जिलिंगला सहलीला गेलो होतो. तिथून बऱ्यापैकी महाग चहा आणला. घरी नेहमीसारखं आलं, साखर, दूध घालून उकळला तर अगदी पांचट लागला, रंगही धड आला नाही. आम्हाला फसवलं का? आणि हा चहा करायचा तरी कसा?"

फसवलं असेलच असं नाही. उलट रंग आला नाही म्हणजे माल बहुधा खरा आहे. मी बरीच वर्षं चहाची खरेदी आणि मिश्रण करण्याच्या धंद्यात आहे आणि ही तक्रार दर उन्हाळ्यानंतर ऐकतो. मे महिन्यात तिथल्या दुकानांत जो ताजा माल असतो तो बहुतेक फर्स्ट फ्लशचा, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये खुडलेला. दार्जिलिंगच्या वर्षभराच्या चहात सगळ्यात हलका, सगळ्यात सुगंधी आणि दुधापुढे सगळ्यात आधी शरण जाणारा चहा तो हाच. तुम्ही नेमका तोच आणलात आणि नेमकी तीच कृती केलीत जी त्याला मानवत नाही.

आपल्या घरातला चहा सीटीसी, म्हणजे 'क्रश, टिअर, कर्ल' पद्धतीचा असतो. ते बारीक गोल दाणे मिळतात ते पान यंत्रात चिरडून, फाडून, वळून. १९३०च्या सुमारास आसाममध्ये हे यंत्र आलं आणि आज भारतातला बहुतांश चहा याच पद्धतीने होतो. पान इतकं बारीक फाटतं की त्यातला रस जवळजवळ सगळा हवेशी भिडतो, झपाट्याने लाल होतो आणि उकळत्या पाण्यात मिनिटभरात उतरतो. शिवाय आसामचं झुडूप मोठ्या पानाचं, रसाने भरलेलं. दूध, साखर, आलं, गवती चहा असं सगळं घालूनही चहा म्हणून जे उरतं ते या दाण्याच्या जोरावर. पुण्यातल्या अमृततुल्यचा चहा दार्जिलिंगच्या पत्तीवर उभाच राहणार नाही, आणि त्यात दोघांचाही कमीपणा नाही.

दार्जिलिंगचं झुडूप मुळात वेगळं. ते चीनच्या जातीचं आहे: लहान पान, थंडी सोसणारं, सावकाश वाढणारं. सिक्कीमच्या राजाकडून हा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये घेतला तो आजारी गोऱ्या सैनिकांसाठी हवा खायचं ठिकाण म्हणून. चहा कुणाच्या डोक्यातही नव्हता. तिथे अधीक्षक म्हणून आलेल्या डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ मध्ये आपल्या बंगल्याच्या बागेत कुमाऊंहून आणलेलं चिनी जातीचं बी लावून पाहिलं. ते जगलं. पुढे सरकारी रोपवाटिका झाल्या, १८५०च्या दशकात आलुबारी, मकाईबारी अशा बागा उभ्या राहिल्या आणि १८६६ पर्यंत ३९ बागा झाल्या होत्या. त्याच काळात रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चीनमधून चोरून रोपं आणि बी आणत होता, त्यातलंही काही हिमालयाच्या पायथ्याशी पोचलं. जंगल तोडून उतारावर लागवड केली ती नेपाळच्या डोंगरांतून आलेल्या मजुरांनी. आजही बागांची भाषा नेपाळीच आहे. खुडणाऱ्या बायका पाठीवरच्या 'डोको'मध्ये, म्हणजे बांबूच्या टोपलीत, पानं टाकतात. टोपलीचा पट्टा कपाळावर असतो.

गंमत अशी की आसाममध्ये स्थानिक मोठ्या पानाचं झुडूप सापडल्यावर तिथे चिनी झुडूप मागे पडलं, पण दार्जिलिंगच्या थंडीत तेच टिकलं. यातली कित्येक झुडपं शंभर वर्षांहून जुनी आहेत. अलीकडे एव्ही-२ किंवा पी-३१२ अशा निवडक कलमांची लागवड वाढली आहे. पाकिटावर 'क्लोनल' लिहिलेलं दिसलं तर हे समजायचं. कलमी चहा फुलांच्या वासाचा, पटकन आवडणारा. जुन्या चिनी झुडपाचा चहा थोडा अबोल पण घोट गेल्यावर जास्त वेळ तोंडात राहणारा. माझा कल जुन्याकडे आहे, पण बाजाराचा नाही.

आता उंची. बागा साधारण ६०० मीटरपासून २,००० मीटरपर्यंत चढत जातात. एकाच बागेचा खालचा टप्पा उबेत आणि वरचा टप्पा धुक्यात, असंही असतं. थंडीत, धुक्यात पान हळू वाढतं आणि हळू वाढलेल्या पानात सुगंधाची द्रव्यं जास्त दाटतात. उत्पन्न मात्र तुटपुंजं. पूर्वी वर्षाला एक कोटी किलोच्या वर जाणारं दार्जिलिंगचं उत्पादन आता ६० लाख किलोच्या आसपास आलं आहे. देशाच्या एकूण चहात हे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. किलोभर चहाला वीसेक हजार कोवळे शेंडे लागतात, तेही हाताने खुडलेले, उतारावर पाय रोवून. चहा महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं हंगामात आहे, आणि दार्जिलिंगचा चहा घेताना बागेच्या नावाआधी विचारायची गोष्ट हीच. आसामचा चहा वर्षभर थोड्याफार फरकाने आसामसारखाच लागतो. दार्जिलिंगचं एकच झुडूप वर्षातून चार वेगळे चहा देतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी झुडूप झोपलेलं असतं. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये पाऊस शिंपडून गेला की पहिली पालवी फुटते. हा फर्स्ट फ्लश. थंडीभर मुळांत साठलेलं सगळं त्या कोवळ्या शेंड्यांत येतं. याचा पेला फिकट सोनेरी, कधी हिरवट झाक असलेला. वास पांढऱ्या फुलांचा, कापलेल्या गवताचा, कच्च्या बदामाचा. आणि जिभेच्या कडांना जाणवणारा एक चुरचुरीत तुरटपणा. तो ज्याला जमला त्याला जमला. मला स्वतःला मार्चच्या अगदी पहिल्या खुडीपेक्षा एप्रिलच्या सुरुवातीचा माल जास्त आवडतो, त्यात जरा अंग आलेलं असतं. पण मोल असतं ते पहिलेपणाचं. प्रत्येक बाग हंगामातल्या आपल्या मालाच्या ढिगांना डीजे-१, डीजे-२ असे क्रमांक देते आणि डीजे-१ विमानाने परदेशी रवाना होतो, आंब्याच्या पहिल्या पेटीसारखा. पहिली पेटी सगळ्यात गोड असतेच असं नाही, हे आपल्याला सांगायला नको.

एप्रिलअखेर झुडूप थोडं थांबतं. शेंड्यावर कळी न धरलेली 'बांझी' पानं येतात, बागवाले मधल्या काळातला माल वेगळा ठेवतात. मग मेच्या मध्यापासून जून संपेपर्यंत सेकंड फ्लश, आणि दार्जिलिंगचं जगात जे नाव झालं ते याच्यावर. पेला तांबूस, अंगाने भरीव, आणि वास पिकलेल्या मस्कट द्राक्षाचा. आपल्या नाशिकच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाला हा वास नसतो, त्यामुळे 'मस्कटेल' हा शब्द वाचून नेमकं काय शोधायचं हे आपल्याकडे कुणाला कळत नाही. मनुका, मध आणि किंचित लाकडाचा गंध एकत्र आला तर कसा येईल, तसा तो येतो. घोट गिळून नाकाने श्वास सोडला की तिथे सापडतो.

हा वास येतो कुठून? एका किडीमुळे. मे-जूनच्या कोरड्या उबेत हिरवे तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात. पान पिवळटतं, कडेने करपतं, वाढ खुंटते. आपल्या बचावासाठी झुडूप लिनालूल, जिरेनिऑल, होट्रिएनॉल यांसारखी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि पुढे कारखान्यात पान सुकताना ती वाढतात. तैवानमध्येही तुडतुड्यांनी चावलेल्या पानांपासून एक प्रसिद्ध ऊलाँग करतात, तत्त्व तेच. म्हणजे आपला कापसाचा शेतकरी ज्या जातभाईंवर फवारे मारतो, तेच इथे माफक प्रमाणात असतील तर पिकाचा भाव वाढवतात. माफक हा शब्द महत्त्वाचा. जास्त झाले की माल आणि वास दोन्ही जातात. कुर्सेओंगच्या दक्षिणेकडच्या उतारावरच्या कॅसलटन, जुंगपाना, गुमटी या बागा या वासासाठी ओळखल्या जातात.

जुलै ते सप्टेंबर पावसाचा चहा. पान भराभर वाढतं, वास विरळ होतो, रंग गडद येतो. वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा हाच असतो आणि तो स्वस्त मिश्रणांत, टी-बॅगांत जातो. त्याच्यावर फार शब्द खर्च करत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ऑटमनल मात्र दुर्लक्षित आहे: तांबडा, मऊ, कमी तुरट, मधाळ. बिनदुधाच्या चहाची सवय नसलेल्या माणसाला मी नेहमी यानेच सुरुवात करायला सांगतो. भावही फर्स्ट फ्लशपेक्षा कमी असतो.

कारखान्यात काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण करायच्या कृतीचा त्याच्याशी संबंध आहे. खुडलेलं पान लांबलचक जाळीच्या वाफ्यांवर पसरून खालून हवा सोडतात. चौदा-सोळा तासांनी पान मऊ पडतं. मूठभर उचलून दाबलं की गोळा होतो, मूठ उघडली की हळूच उलगडतो. देठ वाकवला तर मोडत नाही. फर्स्ट फ्लशला हे सुकवणं मुद्दाम जास्त करतात, पानातलं ६० ते ७० टक्के पाणी उडवतात. इतक्या कोरड्या पानात नंतर वळताना रस फार फुटत नाही आणि हवेने लाल होण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते. म्हणून तुमच्या पाकिटातल्या 'काळ्या' चहात हिरवी पानं दिसतात. कुणी त्यात ग्रीन टी मिसळलेला नाही. आणि म्हणूनच त्यात चहाला लाल रंग आणि जोर देणारी द्रव्यं कमी असतात. दूध घातलं की दुधातली प्रथिनं उरलासुरला तुरटपणा बांधून टाकतात, उकळी सुगंध उडवून लावते आणि हातात राहतं ते राखाडी, गोड पाणी. पांचट म्हणालात ते अगदी बरोबर आहे.

आता पाकीट खरं की खोटं. पाकिटावरची एसएफटीजीएफओपी-१ वगैरे लांबलचक अक्षरं पानाचा आकार आणि त्यातली कोवळी टोकं सांगतात, चव सांगत नाहीत. त्याऐवजी तीन गोष्टी शोधा: फ्लश कोणता, वर्ष कोणतं, बाग कोणती. तिन्ही नसतील आणि नुसतं 'प्रीमियम दार्जिलिंग' असेल तर ते मिश्रण धरून चाला. टी बोर्डाचं गोल चिन्ह असतं, दोन पानं आणि कळी हातात धरलेल्या बाईच्या चेहऱ्याचं. ते असलेलं बरं. दार्जिलिंग चहाला भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन २००४ मध्ये मिळालं आणि २०११ मध्ये युरोपीय संघानेही नाव संरक्षित केलं. ठरावीक ८७ बागांचाच माल या नावाने विकता येतो. तरीही सीमेपलीकडच्या नेपाळचा चहा स्वस्तात आणून दार्जिलिंग म्हणून खपवला जातो, ही बागवाल्यांची जुनी तक्रार आहे. २०१७ मध्ये वेगळ्या गोरखालँड राज्यासाठीच्या आंदोलनात तिथे १०४ दिवस बंद राहिला, त्या वर्षीचा सेकंड फ्लश जवळजवळ पूर्ण हातचा गेला आणि जगभरच्या गिऱ्हाइकांनी तेव्हा पर्याय शोधले ते कायमचेच. नेपाळच्या इलामचा चहा वाईट नसतो, त्याच्या स्वतःच्या नावाने घेतला तर मी आनंदाने घेतो. दार्जिलिंगच्या भावात घेऊ नये, एवढंच. आणि हजार रुपयांच्या आत किलोभर 'फर्स्ट फ्लश' कुणी देत असेल तर हसून पुढे व्हावं.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कपात चमचाभर पत्तीवर गरम पाणी ओता आणि पाहत राहा. मिनिटभरात पाणी गडद तांबडं झालं तर त्यात भुकटी किंवा आसाम आहे. पाच मिनिटांनी गाळून ओली पत्ती बशीत पसरा. आमच्या टेबलावर पेल्याइतकाच वेळ या चोथ्याकडे पाहण्यात जातो: झाकणाच्या कपात चहा मुरतो, मग तो कप उलटा करून चोथा झाकणावर काढायचा, त्यात नाक खुपसायचं आणि मगच चमच्याने घोट सुर्रकन ओढायचा. चांगल्या मालात पानं उलगडून पान म्हणून ओळखू येतात, रंग हिरवट तांब्याचा, वास जिवंत. सगळा चोथा काळसर, चुऱ्याचा आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा असेल तर माल जुना आहे. जुना असणं ही फसवणुकीपेक्षा कितीतरी नेहमीची गोष्ट. पर्यटकांच्या दुकानांत काचेच्या बरणीत, उजेडात ठेवलेला चहा कितीही चांगल्या बागेचा असला तरी घेऊ नका.

आता कृती. एका मोठ्या कपाला, म्हणजे २०० मिलीला, अडीच ते तीन ग्रॅम पत्ती. ही पत्ती फुललेली, हलकी असते. आपल्या दाणेदार चहाच्या मापाने एक सपाट चमचा घातला तर निम्मीच पडते. दोन भरघोस चमचे घ्या, किंवा स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर एकदा मोजून डोळ्याला सवय लावा.

पाणी ताजं घ्या. धरणातून येणारं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. बोअरवेलचं जड पाणी मात्र या चहाला मारतं: वर तेलकट साय धरते, रंग मळकट होतो, वास दबतो. तिथे आरओचं वापरा. आधण आणून गॅस बंद करा आणि भांडं मिनिट-दीड मिनिट तसंच ठेवा. फर्स्ट फ्लशला ८५ ते ९० अंशांचं पाणी हवं. दार्जिलिंग गाव २,००० मीटरवर आहे, तिथे पाणी उकळतंच ९३ अंशांच्या आसपास, त्यामुळे तिथल्या माणसाला हा विचार करावा लागत नाही. मुंबईत शंभर अंशांना उकळलेलं पाणी थेट ओतलं तर तुरटपणा आधी उतरतो आणि मग लोक म्हणतात दार्जिलिंगला प्यालो तेव्हा छान होता. सेकंड फ्लश आणि ऑटमनलला ९५ अंशही चालतात, उकळी थांबली की ओता.

चिनीमातीची किंवा काचेची किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या. पत्ती टाका, पाणी ओता, झाकण ठेवा. झाकण विसरू नका, वास त्यानेच राहतो. फर्स्ट फ्लश अडीच ते तीन मिनिटं, सेकंड फ्लश चार, ऑटमनल साडेचार-पाच. चमच्याने ढवळायचं नाही, पत्ती दाबायची नाही. वेळ झाला की शेवटच्या थेंबापर्यंत सगळं गाळून काढा; पत्ती पाण्यात पडून राहिली तर दुसरा कप कडू झालाच समजा. चहाचे बंद जाळीदार गोळे मिळतात ते घेऊ नका, पानाला उलगडायला जागा लागते. साधी खोल गाळणी पुरते. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी घालता येतं, मिनिटभर जास्त ठेवून. पहिल्याइतका वास नसतो, पण दुपारी प्यायला तो हलका चहा बरा वाटतो.

साखर? अर्धा चमचा घातली तर आकाश कोसळत नाही. कोलकात्यात लिकर चहा, म्हणजे बिनदुधाचा चहा, साखर घालून पिणारे भरपूर आहेत. लिंबू घालू नका, रंग उडतो आणि लिंबाशिवाय दुसरा वास येत नाही. दूध फर्स्ट फ्लशला अजिबात नाही. पावसाळी चहाला किंवा एखाद्या तगड्या सेकंड फ्लशला, चहा गाळून झाल्यावर, वरून दोन चमचे घातलं तर मी भांडणार नाही. कप ओठाला लागला तर भाजणार नाही इतपत निवू द्या. वासाचा सगळा खेळ त्यानंतर सुरू होतो.

साठवताना डबा मसाल्यांच्या कपाटापासून लांब ठेवा. चहा वास ओढून घेतो आणि हिंगाच्या शेजारी ठेवलेला फर्स्ट फ्लश पंधरवड्यात हिंगाचा होतो. फ्रिजमध्येही नको, ओल धरते. घट्ट झाकणाचा, उजेड न लागणारा स्टीलचा डबा उत्तम. फर्स्ट फ्लश सहा-आठ महिन्यांत संपवावा, सेकंड फ्लश वर्षभर राहतो.

तुमच्या पाकिटाचं काय करायचं ते आता ठरवता येईल. आधी वर सांगितल्याप्रमाणे कोरा करून पाहा, लागोपाठ तीन-चार दिवस, सकाळचा दुधाचा चहा होऊन दोन तास उलटल्यावर. तोंडात दुधा-आल्याची चव असताना काही कळणार नाही. तरीही नाही रुचला तर नेहमीच्या सीटीसीचं आधण उकळून, दूध घालून, गॅस बंद केल्यावर त्यात चमचाभर ही पत्ती टाका, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. जोर सीटीसीचा, वास याचा. कोलकात्यातल्या घरांत दोन्ही प्रकारचा चहा मिसळून ठेवतात तो याचसाठी.